ऊन डोक्यात शिरतं तेव्हा

दवाखान्यातले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ते आपोआप साठतात, औषधांच्या रिकाम्या खोक्यांसारखे. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागाही नसते! मी इथे सिस्टर आहे. आमचा सरकारी दवाखाना जुन्नर आणि आंबेगावच्या मध्ये, मोठ्या रस्त्यापासून जरा आत. लोक मला साप चावल्याचे नाहीतर भावकीत डोकी फुटल्याचे किस्से विचारतात. पण मला विचाराल, तर सगळ्यात भारी किस्से उन्हाळ्यातले.

उन्हाळ्यात आमच्याकडे एका खोलीवर 'उष्माघात कक्ष' असा बोर्ड लागतो. आत दोन कॉट, एक कूलर, एक खडखड्या टेबलफॅन. तिथे येणारा माणूस जिवंत असतो, छाती धडधडत असते, हातपाय हलत असतात. फक्त मेंदू जागा सोडून कुठेतरी निघून गेलेला असतो. अंगातली उष्णता हद्दीबाहेर गेली की पहिला दगा तोच देतो. मग तो परत येणार का, आणि आला तर सगळाच्या सगळा येणार का, या एकाच प्रश्नावर आमची ती खोली चालते.

आमचे डॉक्टर विदर्भातले. पहिल्या वर्षी आले तेव्हा हसायचे. "सिस्टर, ह्याला तुम्ही ऊन म्हणता?" त्याच मे महिन्यात त्यांचं हसू मावळलं. आता त्यांचं एकच पालुपद असतं, "आधी पाणी, मग गाडी!" म्हणजे पेशंट जिथे पडला तिथेच त्याला ओला करा, गार करा, मग ॲम्ब्युलन्समध्ये घाला. म्हणून आमचे ड्रायव्हर बबनभाऊ गाडीत कायम पाण्याचे कॅन ठेवतात. जोडीला द्राक्षावर मारायचा पाठीवरचा पंप. कोरा करकरीत, औषधाचा थेंब न लागलेला. ही कल्पना वॉर्डातल्या आया हौसामावशींची. "पिकावर मारत्यात, मग मान्सावर मारायला काय झालं?"

आता तो पंप नाही असा उन्हाळा मला आठवत नाही.

*

आमच्या भागात यात्रा आणि बैलगाडा शर्यती ऐन चैत्र-वैशाखात. बैल पळतात त्या शर्यतीच्या घाटात माईकवर विठूभाऊ असले, की निम्मी माणसं बैल बघायला येतात आणि निम्मी विठूभाऊंना ऐकायला. पण या माईकवाल्यांची एक रीत आहे. सकाळपासून पाणी प्यायचं नाही! पाणी प्यालं की उठावं लागतं, आणि उठलं की दुसरा कोणी माईक घेतो. "माईक आन् खुर्ची, एकदा सुटली की सुटली," असं विठूभाऊंचं म्हणणं.

त्या दिवशी पत्र्याच्या शेडखाली दुपार झाली आणि विठूभाऊंनी एक बारी, म्हणजे बैलांची एक धाव, पुकारली. "येऊ द्या, येऊ द्या, लक्ष्या आणि बादल!" घाटात बैलच नव्हते. पण विठूभाऊ थांबेनात. बैल कसे जुंपले, कसे सुटले, धुरळा कसा उडाला, सगळं सांगत सुटले. लोकांनी शिट्ट्या मारल्या. "काय रंगवतो राव!"

मग आवाज जड झाला, जीभ अडखळायला लागली आणि माईकवरून रडणं ऐकू आलं. "आबा, बैलं सोडू नगा! मी आजून म्होरं हाय!" शिट्ट्या थांबल्या. तेवढ्यात गर्दीतला एक म्हातारा ओरडला, "आरं, ह्याचा आबा जाऊन जमाना झाला. लक्ष्या-बादल त्याचीच बैलं व्हती. बगा त्याच्याकडं कुनीतरी!"

बबनभाऊ गाडी घेऊन तिथेच ड्युटीवर होते. हात लावून बघितला तर अंग तव्यासारखं. घाटातला धुरळा बसवायला आणलेला टँकर त्यांनी विठूभाऊंच्या अंगावर सोडला. मुठीतला कॉर्डलेस माईक काही सुटत नव्हता. लोक जागचे हलले नाहीत. भोंग्यातून नुसतं पाणी पडल्याचा आवाज येत होता आणि हजारो माणसं तो ऐकत उभी होती.

बऱ्याच वेळाने भोंगा खरखरला. "टँकर कुनी सोडला रं? बारी थांबवा, घाट निसरडा झालाय!"

त्या दिवशी सगळ्यात मोठी शिट्टी त्या वाक्याला पडली.

*

पारगावकडच्या एका शेतात बाया कांदा काढत होत्या. भर दुपारी त्यातली सुमन ताडकन उभी राहिली, डोळे फिरवले आणि डोलायला लागली. तोंडाने काहीबाही बडबड. आता टळटळीत दुपार, मोकळं रान आणि त्यात घुमणारी बाई. आमच्याकडे याचा अर्थ एकच होतो. अंगात आलं!

बायांनी तिचे केस मोकळे सोडले, मळवट भरला, लिंबाचा डहाळा हातात दिला. आणि लागली की रांग प्रश्न विचारायला!

"आई, माझ्या पोराचं लगीन कवा जमंल?"

"जमलं! जमलं! कालच जमलं!"

"आई, औंदा कांद्याचं काय व्हईल?"

"कांदा नगं! कांदा नगं! काढा त्याला हितनं!"

शेतमालकाच्या मुलीने फोन केला म्हणून बबनभाऊ पोचले. कॅन घेऊन पुढे गेले, तर बाया आडव्या. "पानी वतू नगा, देवी खवळंल!" त्यांना समजावत बसायची ती वेळ नव्हती. सुमनचे हात आकडायला लागले होते. बबनभाऊंनी कॅन खाली ठेवला, चपला काढल्या, हात जोडले आणि म्हणाले, "बायांनो, देवी लांबून आलीया, तापलीया. तिला अभिषेक घालायचाय. बादल्या आना!"

झालं! ठिबकचे पाइप उपसले, कळशा आल्या. एक बाई आरती म्हणत होती आणि बाकीच्या सुमनवर पाणी ओतत होत्या. डॉक्टर मला नंतर म्हणाले, "सिस्टर, इतकं बेस्ट कूलिंग मी मेडिकल कॉलेजातही बघितलं नाही."

सुमन बरी झाली. तिला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. पण थोड्या दिवसांनी त्यातलीच एक बाई पेढे घेऊन डॉक्टरांकडे आली. मुलाचं लग्न खरंच जमलं होतं. तिने हळूच, इकडेतिकडे बघत विचारलं, "डाक्टर, सुमनला परत तसा ताप कवा यील?"

*

आमच्याकडे बर्फ कधीच पुरत नाही. एका मे महिन्यात लग्नाच्या मांडवातून रिटायर गुरुजींना आणलं. भर दुपारचा मुहूर्त, अंगात कोट, डोक्याला फेटा आणि वर नवरदेवाच्या मामाचा मान. गुरुजी पक्के माळकरी, गळ्यात तुळशीची माळ, मासळीचं नाव काढलं तरी चूळ भरणारे. बेशुद्ध होते. काखेत, मानेला, जांघेत बर्फ ठेवायचा तर फ्रीजमधला संपलेला.

बबनभाऊ गाडी घेऊन गेले आणि डिंभ्याच्या धरणावरून मासळी आणणाऱ्याकडून भली मोठी बर्फाची गोणी घेऊन आले. बर्फ गार होता, यात वाद नाही. पण वास! सगळा वॉर्ड नाकाला रुमाल लावून बसला. डॉक्टर म्हणाले, "वासाने कोणी मेलं नाही अजून, लावा!"

गुरुजींच्या अंगाला तो बर्फ लावताना मला मनातून वाईट वाटत होतं. पण तासाभराने त्यांच्या पापण्या हलल्या. डोळे न उघडता त्यांनी दोनदा नाक फुरफुरवलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "वैकुंठात मासळीबाजार कधीपासून भरायला लागला?"

हौसामावशी पाय चेपत होत्या. म्हणाल्या, "गुर्जी, वैकुंठ लांब हाय. हे सरकारी हाय!"

*

खोडदला त्या अवाढव्य दुर्बिणीच्या तबकड्या आहेत ना, तिथे काम करणारा एक तरुण होता. हुशार, गोड मुलगा, समीर नाव. त्याने मॅरेथॉनचं मनावर घेतलं आणि मोबाइलवर काहीतरी बघून भर दुपारी पळायची प्रॅक्टिस सुरू केली. एके दिवशी रस्त्याने तो हसत, झोकांड्या खात, बांधावरून पडत-उठत चालला होता. तिथल्या एका शेतकऱ्याने बघितलं, किसनबापूंनी. त्यांना दारूचा मनस्वी तिटकारा. शिकलेला मुलगा भर दुपारी पिऊन आलाय, हे बघून त्यांचं टाळकंच सटकलं. त्यांनी पोराला बखोट धरून ओढला आणि गुरांच्या पाण्याच्या हौदात बुडवला! वर शिव्यांची लाखोली. "उतरू दे तुजी! उतरल्याबिगर भायेर काढनार न्हाई!"

समीर वाचला तो त्या हौदामुळे. डॉक्टर म्हणाले, ह्याहून चांगला इलाज पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलातही झाला नसता.

शुद्ध आली, नाव-गाव आठवलं, आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला. मग डॉक्टरांनी त्याला सांगितलं, डोळे मिटून नाकाच्या शेंड्याला बोट लाव. बोट गालावर. परत लावलं, कपाळावर. परत लावलं, कानाशी! मागच्या बाजूला जो लहान मेंदू असतो, तोल आणि नेम सांभाळणारा, त्याला उष्णता सगळ्यात जास्त झोंबते, असं डॉक्टरांनी सांगितलं.

हौसामावशींना राहवलं नाही. "आभाळातलं तारं बरूबर घावत्यात, आन् सोताचं नाक घावंना व्हय रं?"

समीर खो खो हसला. आणि हसता हसता त्याला रडू फुटलं, कारण परत घावणार का, हे डॉक्टरही सांगू शकत नव्हते. एवढं मोठं आभाळ ज्या डोक्यात मावतं, त्या डोक्याला चार बोटांवरचं नाक सापडू नये!

तो रोज सराव करायचा. दर भेटीला यायचा आणि आमच्यासमोर डोळे मिटायचा. एके दिवशी बोट थेट नाकावर टेकलं. आम्ही सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, पेशंटांनीसुद्धा! त्याच संध्याकाळी तो किसनबापूंच्या पाया पडायला गेला. बापूंनी आशीर्वाद दिला, चहा पाजला. तो गेल्यावर बबनभाऊंना म्हणाले, "डाक्टर काय बी म्हनू द्या. पोरगं पिल्यालंच व्हतं!"

*

सगळेच असे हसवत परत येत नाहीत. गुऱ्हाळावरचे दगडूमामा गुळव्या होते. रस उकळताना त्यातला थेंब पाण्यात टाकून, बोटांनी चाचपून ते सांगायचे, काढा कढई. त्यांच्या डोक्यात उष्णता शिरलीय हे भावाला कळायला हवं होतं ते यावरून, की रसाला करपट वास सुटला तरी मामा म्हणत होते, "कच्चा हाय, जाळ घाला." भाऊ त्यांच्याशी वाद घालत बसला. वाद घालण्यात वेळ गेला, आणि मग मामा कोसळले.

मामा वाचले, पण बोलणं बोबडं झालं ते तसंच राहिलं. आता गुऱ्हाळावर गेले की ते बोटाने खूण करतात. गुळाचा विषय निघाला की त्यांचा भाऊ मला म्हणतो, "सिस्टर, त्या दिशी मी गुळाकडं बगत व्हतो वो. भावाकडं बगायला पायजे व्हतं."



*

आता हा शेवटचा सांगते. हा सांगितला की दवाखान्यातलं कोणी दुसरा किस्सा काढत नाही.

डिंभ्याच्या वर, डोंगरातल्या एका वाडीतून जीपमधून धोंडूबाबांना आणलं. तिकडे उन्हाळ्यात हिरडा गोळा करतात, काळ्या कातळावर वाळत घालतात. बाबा भर दुपारी हिरडा उलथवायला गेले आणि त्या तापल्या कातळावरच आडवे झाले. जीपमध्ये त्यांचा पुतण्या होता आणि बायको चिमाबाई.

पुतण्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "सिस्टर, म्हातारीला काय इचारायचं ते इचारा. पन म्हाताऱ्याबद्दल ती बोलनार न्हाई. दोघांत अबोला हाय."

"कधीपासून?"

"माझं लगीन व्हायच्या आदीपासनं. कशावरनं, ते गावात कुनालाच ठावं न्हाई."

एका घरात राहायचे, एका चुलीवरचं खायचे, आणि बोलायचे कुत्र्यामार्फत! ती म्हणायची, "खंड्या, सांग त्याला, भाकर झालीया." तो म्हणायचा, "खंड्या, सांग तिला, कोरड्यास आळणी हाय." पहिला खंड्या म्हातारा होऊन मेला. दुसरा पाळला, त्याचंही नाव खंड्याच ठेवलं. अबोल्यात खंड पडायला नको!

मला हसू आलं होतं. पण कॉटवरचं बघून ते थांबलं. बाबांचे डोळे टक्क उघडे, अंग भट्टीसारखं, आणि तोंडाची टकळी चाललेली. एका नावाने.

"चिमे, उन्हात चालू नगंस. पाय पोळत्याल. ह्या घे, माझ्या वहाना घाल."

चिमाबाई कॉटच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"चिमे, सावलीत बस. तुज्या बापाला शब्द दिलाय, हिला उन्हात ठिवनार न्हाई म्हनून. बस हितं. पानी पिलीस का? आदी तू पी."

बाबा त्या भ्रमात तिला कुठूनतरी नवी नवरी म्हणून घरी घेऊन चालले होते. वाटेतलं प्रत्येक झाड सांगत होते, प्रत्येक ओढा सांगत होते. काटा टोचला तर थांबत होते. इतकी वर्षं जेवढं बोलायचं राहिलं, तेवढं सगळं त्या कॉटवर सांडत होतं. मी पंप मारत होते. ऊन माणसाच्या डोक्यातून काय काय पुसून टाकतं ते मी खूप बघितलंय. ऊन असं काही उघडून दाखवतं, हे मात्र पहिल्यांदा बघत होते.

हौसामावशी त्या दिवशी रजेवर होत्या. डॉक्टरांनी बादली आणि तांब्या चिमाबाईंच्या हातात दिला. "आजी, डोक्यावर, छातीवर पाणी ओतत राहा. थांबायचं नाही."

चिमाबाईंनी तांब्या भरला. मग विचारलं, "डाक्टर, ह्यो असा किती येळ बोलंल?"

डॉक्टरांना वाटलं, म्हातारी घाबरली. ते धीर देत म्हणाले, "काळजी करू नका आजी. अंग गार झालं की ही बडबड लगेच थांबेल."

तांब्या हातातच राहिला. चिमाबाईंनी बाबांच्या तोंडाकडे बघितलं. ते म्हणत होते, "चिमे, आलं बग घर, आता एवढा चढ गेला की आलं." तेवढा चढ जाईपर्यंत त्या थांबल्या असतील, जास्त नाही. मग त्यांनी पाणी ओतलं. परत तांब्या भरला, परत ओतलं. दात ओठात रोवून ओतत राहिल्या. बाबांचा आवाज खाली खाली जात होता. चिमाबाईंचा हात थांबला नाही. शेवटचं "चिमे" इतकं हळू होतं, की मला नुसते ओठ हलताना दिसले.

मग सगळं शांत. फक्त टेबलफॅनची खडखड.

संध्याकाळी बाबांनी डोळे नीट उघडले. डॉक्टर खुर्ची ओढून बसले आणि मेंदू कुठवर आलाय ते तपासायला लागले. नाव काय? सांगितलं. गाव? सांगितलं. महिना कोणता? बरोबर. हे कुठं आलात? "दवाखाना." डॉक्टर खूष झाले. त्यांनी चिमाबाईंना पुढे घेतलं.

"बाबा, ह्या कोण?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि मान फिरवून भिंतीकडे तोंड केलं.

"बाबा, नीट बघा. ओळखता का ह्यांना?"

पाठ तशीच.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. मला दाराशी नेऊन हळू आवाजात म्हणाले, "सिस्टर, हे वाईट आहे. बायकोला ओळखत नाहीत. मेंदूला मार बसलाय. पुण्याला फोन लावा, हलवावं लागेल."

मी फोनला हात घातला, तोच मागून चिमाबाई आल्या. पदराने डोळे पुसत होत्या, पण तोंडभर हसत होत्या. डॉक्टरांच्या दंडाला धरून म्हणाल्या,

"कुटं बी धाडू नगा, डाक्टर. वळखलं त्यानं! वळखलं म्हनून तर त्वांड फिरवलं!"